आमच्या घराण्याचं जाड काळीज

किस्से गोळा करायला कुठं लांब जावं लागत नाही. चार वडीलधारी माणसं हार्टच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर ओळीनं बसवायची आणि आपण भिंतीला टेकून उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत पोतं भरतं! माझ्याकडं तर आता पोती ठेवायला जागा उरलेली नाही. मित्र म्हणाले, "लिहून काढ की रं." म्हणून लिहितोय. घरातल्यांनी वाचलं तर वाचू देत. इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडल्यापासून माझं नाव घरात शिवीसारखंच वापरतात. त्यात आणखी काय बिघडणार?

आम्ही बेळगावजवळच्या कंग्राळीचे. आमच्या घराण्यात एक आजार आहे. हृदयाचा स्नायू जाड होत जातो, आणि एखाद्या दिवशी ठोके असे भरकटतात की माणूस उभ्याउभ्या जातो. एका पिढीतनं दुसरीत उतरतो. माझे वडील, आप्पा, असेच गेले. उद्यमबागेतल्या फौंड्रीतनं सुट्टी झाली, बस सुटायला लागलेली, आप्पा पळाले. बस मिळाली. आप्पा राहिले नाहीत.

आप्पांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे अण्णा. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी जाहीर करून टाकलं, "उन्हानं गेला."

डिसेंबर महिना होता!

पुढं माझी आक्का, जी एका शाळेत तिसरीला शिकवते, जिना चढताना चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं आमच्या घरानं पहिल्यांदा हार्टचा डॉक्टर बघितला. नाहीतर अजून उन्हावरच भागवलं असतं.

*

डॉक्टरीणबाई कन्नड. पण मराठी बोलत होत्या, एकेक शब्द निवडून. त्यांनी विचारलं, "तुमच्या घराण्यात कोणी लहान वयात अचानक गेलं आहे का?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "न्हाय. तसलं आमच्यात काय न्हाय."

मी म्हणालो, "आप्पा?"

"त्यो उन्हानं."

"धाकटे आजोबा?"

"त्यास्नी नजर लागलती. तालमीत जोर काढताना."

"बाळूकाका?"

"त्यानं दही खाऊन कबड्डी खेळलं. आता दही खाऊन कोण खेळतंय व्हय?"

"आणि आजोबा?"

"त्यांची वेळ भरलती."

"चाळिशीत?"

"तू गप रं! शिक्षान सोडलेल्यानं मधी बोलू नये."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अण्णा, मग तुमच्या घराण्यात म्हातारं होऊन कोण गेलं?"

अण्णांनी छताकडं बघितलं. बराच विचार केला. चेहरा एकदम उजळला.

"जावई!"

*

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची इको करून घ्या. त्यांची चूक एवढीच की त्या 'सगळ्यांची' म्हणाल्या. आमच्यात सगळे म्हटलं की निरोप रीतीनं जातो. अण्णांनी घरोघरी फोन लावले. सूर तोच, बारशाचा! "मंगळवारी आमच्या पोरीची इको हाय, सहकुटुंब यायचं." एका सुनेला सांगून दुसरीला वगळलं तर वर्षभर रुसवा. त्यामुळं रक्ताचे, बिनरक्ताचे, सगळे गाड्या भरून आले. कुणीतरी डब्यात धपाटे पण आणले होते.

नंदगडचे पाव्हणे म्हणजे आत्याचे यजमान. तेही आले, इस्त्रीची टोपी घालून.

आतून आक्काच्या नावाचा पुकारा झाला. आक्का उठली तशी अण्णांनी हात आडवा धरला. "थांब गं. पाव्हणं बसल्यात की! आधी पाव्हण्यांचं."

टेक्निशियननं विचारलं, "यांचं रक्ताचं नातं काय?"

"जावई हाईत आमचे!"

"मग त्यांची गरज नाही."

"गरज नसंना. मान हाय!"

पाव्हण्यांनी मुकाट्यानं शर्ट काढला. आत जाऊन गार जेल लावून घेतली. रिपोर्ट एकदम नॉर्मल. अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, जणू पाव्हणे परीक्षेत पहिले आलेत.

दुसऱ्या दिवशी अण्णांना आत्याचा फोन. आवाज खालचा. "दादा, हे लई नाराज हाईत. छाती उघडी करून झोपवलंसा, आणि साधा टॉवेल-नारळ बी न्हाय दिलासा?"

*

इकोच्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. काकी म्हणजे अण्णांची बायको. तिचा नियम असा की दवाखाना म्हटलं की उपाशी जायचं. कुठला दवाखाना, कशासाठी, विचारायचं नाही. इकोला उपाशी राहावं लागत नाही हे मी सांगितलं, पण ते तिसऱ्या सेमिस्टरवाल्याचं मत! तिनं आपल्या पोराला, सच्याला, सकाळपासून चहासुद्धा दिला नाही.

दुपारी सच्या रांगेतच आडवा झाला.

हार्टचा दवाखाना तो! चार नर्सा धावल्या, स्ट्रेचर आलं, वायरी जोडल्या. काकीनं जो टाहो फोडला, तो पार रस्त्यापर्यंत गेला. धपाट्यांचा डबा तिच्याच मांडीवर होता. डॉक्टरीणबाई पळत आल्या, मशीनकडं बघितलं, सच्याकडं बघितलं, आणि मराठी विसरून ओरडल्या, "मोदल ऊटा कोड्री!"

म्हणजे, आधी ह्याला जेवायला घाला.

संध्याकाळी निकाल लागले. सच्याचं चांगलं. माझं चांगलं. अण्णांचं थोडं जाड, गोळीवर भागण्यासारखं. आणि आक्काचं सगळ्यांत जाड. घरी आलो. काकीनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं. "सोन्यासारख्या पोरीचं असं, आणि ह्या अर्धवटाचं ठणठणीत! देवाला काय कळतंय का न्हाय?"

मी म्हणालो, "काकी, देवानं पण तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं असंल."

आक्का एवढी हसली की आई घाबरून तिची नाडी बघायला लागली.

*

आता मुद्द्याची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आक्काच्या छातीत खांद्याखाली एक छोटं मशीन बसवायचं. ठोके भरकटले की ते आतल्या आत शॉक देतं आणि माणूस वाचतो. उशीर करू नका, म्हणाल्या. आप्पांच्या वेळी असं काही नव्हतं, आता आहे. एवढं सरळ!

पण अण्णांची सगळी नोकरी खांबावर गेली. लाइनमन होते. शॉक म्हटल्याबरोबर ते खुर्चीत पुढं सरकले.

"म्याडम, अर्थिंग कुठं देणार?"

"अर्थिंग लागत नाही हो."

"अर्थिंग न्हाय? आणि पोरगी ओल्या फरशीवर उभी असली तर?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बॅटरी आहे, सगळं बंद डबीत असतं, बाहेरच्या माणसाला काही धोका नाही. अण्णांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

घरी आल्यावर काकीला बाजूला घेऊन म्हणाले, "बसवलंच तर तिला पायात रबरी चप्पल घालूनच स्वयंपाकघरात जाऊ दे."

*

आक्काला जोर करायचा नाही असं ठरल्यापासून घरात सगळे तिच्यावर लक्ष ठेवून. तिनं पाण्याची कळशी उचलली की काकी धावते. "ठेव गं ठेव! जीव जाईल तुझा! तू बस निवांत." आक्का बसली की काकी पुढ्यात परात सरकवते. "बसल्या बसल्या एवढं पीठ मळ. भाकरी करायची पाव्हण्यांस्नी."

*

अण्णा जुने सीमाप्रश्नवाले. कन्नड पाटी दिसली की मान फिरवणारे. (म्हैस घेताना मात्र असं कन्नड बोलतात की विकणारा आपणहून भाव उतरवतो!) त्यामुळं बेळगावच्या कन्नड डॉक्टरीणबाईंचा सल्ला त्यांना तसा मान्य नव्हताच. म्हणाले, "आपण रिपोर्ट महाराष्ट्रात दाखवू."

मी म्हणालो, "अण्णा, काळीज आक्काचं हाय, बेळगावचं न्हाय."

"तुला इतिहास ठाऊक न्हाय!"

गेलो कोल्हापूरला. मी गाडी चालवत होतो. निपाणी मागं पडली, हद्द ओलांडली, तसा अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिथले डॉक्टर अस्सल मराठी. त्यांनी फाईल चाळली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मशीन बसवा. उशीर करू नका."

येताना निपाणीजवळ चहाला थांबलो. चहा बशीत ओतता ओतता अण्णा स्वतःशीच म्हणाले, "एवढी वर्सं झाली. कोर्ट झालं, मोर्चे झाले. कर्नाटक आणि महाराष्ट्र पहिल्यांदा एका मतावर आले, आणि ते बी आमच्या घरच्या भानगडीत!"

*

मशीन लांबत होतं ते अर्थिंगमुळं नव्हतं, हे सांगायलाच पाहिजे. खरं कारण लग्न. छातीत डबी बसवलेल्या पोरीला कोण करून घेणार? म्हणून वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आधी लग्न, मग मशीन. सासरचे बघतील! मी म्हणालो, "आणि मधी गेली तर?" अण्णा म्हणाले, "अभद्र बोलू नको." आमच्यात मरायला चालतं, बोलायला चालत नाही.

निपाणीकडचं स्थळ आलं. पाव्हण्यांपुढं आजाराचा शब्द काढायचा नाही, असा अण्णांचा हुकूम. काकीला तर तीनदा बजावलं.

पोहे झाले. मुलाचे मामा सहज म्हणाले, "पोरीविषयी सांगा की जरा."

काकी सुटली. "आमच्या पोरीला काय्येक न्हाय बघा! दम लागत न्हाय. चक्कर तर येतच न्हाय. छातीत धडधड न्हाय, पायाला सूज न्हाय. जिन्यावर पडली ते आपलं चप्पल घसरून. आणि मशीन बिशीन तर कुणी सांगितलंच न्हाय आमाला!"

अण्णांनी डोळे मिटले.

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "न्हाय ते समदं कळलं, वैनी. आता हाय तेवढं सांगा."

स्थळ गेलं. उरलेले पोहे आक्कानं संपवले. वर लिंबू पिळून.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का परत पडली. ह्या वेळी वर्गात, फळ्यापुढं. तिसरीतल्या पोरांनी बाटल्याच्या बाटल्या पाणी ओतून तिला उठवलं. डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी आवाज चढवला. "उद्या सकाळी ॲडमिट करा. पुढच्या वेळी ती उठेलच असं मी सांगणार नाही."

आईनं माझा दंड धरला होता. तिची बोटं रुतली होती.

अण्णा म्हणाले, "बरं. सकाळी आधी देवीचा कौल घेऊ. ती व्हय म्हणाली तर तसंच दवाखान्यात. न्हाय म्हणाली तर न्हाय."

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आक्का मात्र सकाळी बॅग भरून, नवी साडी नेसून गाडीत बसली.

देवळात गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवीकडचं आधी पडलं तर मशीन बसवायचं, डावीकडचं पडलं तर नाही. अण्णांनी हात जोडून देवीला सगळं सांगितलं. आजार, कोल्हापूर, मोडलेलं स्थळ, सगळं. मग आम्ही बसलो.

फुलं पडेनात.

काकी म्हणाली, "पाणी जास्त झालं व्हय?" गुरव म्हणाला, "देवी इचार करालीया." मी गुपचूप पंख्याचं बटण दाबलं, तर काकीनं हातावर चापट मारली. अण्णा काकुळतीला आले. "आई, सांग की गं. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. माझ्यावर टाकू नको." माझ्या आईनं मिटलेले डोळे उघडलेच नव्हते. दवाखान्यातनं दोनदा फोन येऊन गेला.

फुलं तिथंच.

आक्का उठली. पदर खोचला. गुरव "अवं ताई, अवं ताई" म्हणेपर्यंत ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यात. तिनं देवीला नमस्कार केला, उजव्या खांद्यावरचं फूल काढलं आणि आपल्या वेणीत माळलं. मग डाव्या खांद्यावरचं काढलं, बाहेर आली, आणि ते अण्णांच्या टोपीत नीट खोवून दिलं.

"हे तुमचं," म्हणाली. "आता गाडी काढा."

अण्णांनी गाडी काढली.

दवाखाना येईपर्यंत टोपीतलं फूल कुणी काढलं नाही.