अर्ध्या मजुरीची पोरं

काजूच्या कारखान्यात गर लगेच विकला जातो, मागे साचत राहतात ती टरफलं. किस्स्यांचंही तसंच. कमावलेलं केव्हाच संपलं, टरफलं मात्र अजून ढिगानं पडून आहेत.

हे किस्से खरं म्हणजे सुलभाचे, माझ्या बायकोचे. ती सांगायची आणि मी मध्येमध्ये चुका दुरुस्त करायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता सांगणारा मीच, तेव्हा चुका राहिल्या तर राहू द्यात.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणपासून कोस-दीड कोसावर आमच्या गावात एका शेटांचा काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक लांबलचक कौलारू शेड आणि अंगण. भाजलेला काजू बायका फोडायच्या, आणि आम्ही शाळेतली दहाबारा पोरं शाळा सुटल्यावर गरावरची तांबडी साल सोलायला बसायचो. संध्याकाळी सोललेला गर तोलून मजुरी. मोठ्या माणसांना किलोमागे जो दर, त्याच्या निम्मा आम्हाला.

का, म्हणून कुणी विचारलं तर शेटांचं उत्तर तयार असायचं. “तुम्ही अर्धे मजूर आणि अर्धे विद्यार्थी. अर्ध्या मजुराक पुरी मजुरी खंयची?”

सुलभा तेव्हा पंधरा वर्षांची. मान खाली घालून सोलता सोलता ती म्हणाली, “काजूक खंय कळता शेटानू, आपणाक सोलणारा केवढा आसा ता?”

शेट हसले. दर तोच राहिला.

*

वयाचे दाखले त्या काळी कुणाकडे नसत. शेटांनी आपली एक सोपी पद्धत काढली होती: मिशी फुटली की पुरी मजुरी.

बाळा नावाचा माझा वर्गमित्र होता. त्याला मिशी फुटायचं काही लक्षण दिसेना. एका शनिवारी त्यानं भट्टीची काजळी खोबरेल तेलात कालवली आणि बेताची, शोभेलशी मिशी काढली. शेटांनी दुपारी लांबून पाहिलं आणि “बरां, बरां,” म्हणून मान हलवली. बाळा खूश. पण शेडमध्ये उकाडा केवढा! बाळानं सवयीनं बाहीनं तोंड पुसलं ते एकाच बाजूनं.

संध्याकाळी तोलायची वेळ झाली. शेटांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “अर्धी मिशी शिल्लक आसा. तेवढीच मजुरी घे.”

सगळी शेड हसली. सुलभा तेवढी हसली नाही. घरी जाताना मला म्हणाली, “तुमचा बरां आसा रे. आज ना उद्या फुटतली. माका तो पण मार्ग नाय.”

*

ती त्या वर्षी मॅट्रिकला होती. वडील नव्हते, आई लोकांची भातं कांडायची. नादारी मिळाली असती तर शाळेच्या गरीब फंडातून परीक्षेची फी भरली गेली असती. अर्जासोबत गावातल्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र लागायचं. आमच्या गावात शेटांइतकं प्रतिष्ठित दुसरं कोण?

शेट दर कमी देत, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी ठेवणीतला टाक काढला, दोन कागद फुकट घालवले आणि तिसऱ्यावर मनापासून लिहिलं: “सदर मुलगी अत्यंत कष्टाळू असून आमच्या कारखान्यात उत्तम कमाई करते.”

कमावत्या मुलीला नादारी कशी द्यायची? अर्ज परत आला.

शेटांना फार वाईट वाटलं. “अरे, मी तर स्तुती केलंय!” असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते.

आता फी स्वतःच जमवायची. अर्ध्या मजुरीनं ती नाताळाच्या सुमारास जमली असती. फॉर्मची मुदत होती दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत.

*

दिवाळीच्या सुट्टीत मजुरी तपासायला एक साहेब येणार असल्याचा निरोप आला. शेटांनी घाईघाईनं आम्हा पोरांपुढचे गर उचलले आणि पुस्तकं ठेवली. साहेब आल्यावर म्हणाले, “ही शाळेतली मुलं. घरी जागा नसते बिचाऱ्यांना, म्हणून इथे अभ्यासाला बसतात.”

साहेबांनी सुलभाच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. “काय शिकतेस, बाळ?”

सुलभा शुद्ध मराठीत म्हणाली, “भागाकार, साहेब. सध्या दोनानं भागतो आहोत.”

साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि नोटीस येईल म्हणून सांगून गेले. आमची पिढी म्हातारी व्हायला आली. नोटीस अजून वाटेत असावी.

*

मुदतीच्या आधीच्या सोमवारी शेटांची नवी भट्टी पेटायची होती. सुलभानं तोवर फॉर्मची आशा सोडली होती. पुस्तकं तिनं धाकट्या भावाच्या पेटीत ठेवूनही दिली होती.

आमच्याकडे नवं काही सुरू करायचं तर देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. एकानं नारळ हातात धरून मागणं मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून हुंकार भरायचा. देवासमोर भरलेला हुंकार कुणी मागे घेत नाही. गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. हे दाजी म्हणजे भट्टीवर काजू भाजणारे म्हातारे गृहस्थ. दिवसभरात चार शब्द बोलतील तर शपथ.

दाजी भट्टीसमोर उभे राहिले. शेट सर्वांत पुढे, डोळे मिटून.

“बा देवा म्हाराजा, आज ही नवी भट्टी पेटता, तिका कोणाची नजर लागू देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“शेटांच्या मालाक मुंबैत बरो भाव गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दाजींनी श्वास घेतला. सूर तोच, लय तीच.

“आणि ही शाळेची पोरां मोठ्यांएवढाच काम करतत, तेंका मागल्या दोन म्हयन्यांच्या फरकासकट, येत्या शुक्रवारच्या आत, मोठ्यांएवढीच मजुरी गावांदे रे म्हाराजा!”

या वेळी आमच्या कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. अंगणात एकच आवाज उठला, चांगला खणखणीत, डोळे मिटून हात जोडलेल्या शेटांचा:

“व्हय म्हाराजा!”