वडिलांचं भजन आणि नवा बेल्ट

झरीच्या आमच्या घरी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला एक जुना टू-इन-वन होता. त्यावर वडिलांनी स्वतःचं भजन भरून ठेवलं होतं आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहासोबत ते शेवटपर्यंत ऐकावं लागायचं. विकतची कॅसेट लावली की मात्र गाणारी बाई बाप्यासारखी गायची. मला त्याचा भारी वैताग. एका रविवारी मी टेप खोललाच. आतला बेल्ट सैल पडल्यानं कॅसेट हळू फिरत होती. परभणीहून नवा आणून बसवला, हेड स्पिरिटनं पुसलं आणि बाई बाईसारखी गायला लागली.

वडील खूश झाले. "आता माजं लाव," म्हणाले.

लावलं. त्यांचं भारदस्त भजन बारीक आवाजात, एसटी सुटायली म्हणून पळावं तसं पळत सुटलं. सैल बेल्टवर भरलेलं नव्या बेल्टवर धावणारच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लय शाना झालास! जुना बेल्ट बसव आधी!" वडील कडाडले.

मीही चिडून पेचकस उचलला. तेवढ्यात हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं पुसत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ऱ्हाऊ दे रे असंच," ती म्हणाली. "लवकर तरी संपायलंय."