पाषाणातला जिता झरा

माझी मोठी बहीण १९९९ च्या जुलै महिन्यात गॅस्ट्रोने गेली. हरसूलच्या पुढे, डोंगरउतारावर तिच्या सासरचा पाडा आहे. त्या आठवड्यात तिथे घरटी कोणी ना कोणी आजारी होते. दगावली ती एकटीच. सगळे एकाच विहिरीचे पाणी पीत होते.

ती विहीर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात खोदली. तोवर बायका उताराखालच्या डबक्यावर जायच्या आणि मे महिन्यात वाटीवाटीने हंडा भरायच्या. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, घराखालची जागा दिली आणि पाड्याने अंगमेहनतीने खोदकाम केले. वर हातभर माती, तिच्याखाली थोडा मुरूम आणि मग काळा पाषाण. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी असेच लागते. पाषाण पाणी पीत नाही. पाणी असते ते त्याच्या भेगांत.

सुरुंग लावायला बाहेरगावचा एक म्हातारा मिस्त्री आणला होता. त्याच्या शेवटच्या सुरुंगाने एक आडवी भेग उघडली आणि मनगटाएवढी धार आत पडू लागली. तो वर आला, हात धुतले आणि म्हणाला, "पाझर नाय हा. जिता झरा हाय."

हे दोन शब्द आमच्याकडे वेगळे आहेत. मुरमातून थेंबथेंब गळतो तो पाझर. तो उन्हाळ्यात आटतो, त्याला कोणी फार मान देत नाही. पाषाण फोडून जोराने येतो तो जिता झरा. त्याला नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात. त्याचे पाणी नासत नाही, असे मीही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मी तेव्हा नाशिकला वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. नारळ फोडला त्या दिवशी पाड्यावर गेलो. बहिणीने तांब्या पुढे केला.

"घे पेपरवाल्या. आधी पी, मग लिव. तुम्ही लोक न पिताच लिवता."

दाजी म्हणाले, "हिनं किती हंडे वाहिले ते पन लिव. मान आखडली, पन तोंड काय आखडलं नाय."

"आता तुमची आखडंल," ती म्हणाली. "विहीर दारात हाय, बाप्यांनी पानी भरलं तर कोण हसंल?"

"समदेच हसतील," दाजी म्हणाले, आणि सगळे हसले.

मी तीन परिच्छेदांची बातमी केली. मथळ्यात 'जिवंत झरा' हे शब्द मीच घातले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर घेऊन आला. बायकांनी ती टाकू दिली नाही. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "आजारी मानसाला औषध देत्यात. हे पानी आजारी हाय का रं?" शिपायाने पावडरचा डबा बहिणीच्या ओट्यावर ठेवला, पावडर कशी टाकायची ते तिला सांगितले आणि तो गेला.

बहिणीने बाजाराच्या दिवशी हरसूलहून मला फोन केला. मी दुसऱ्या दिवशीच्या अंकाचे पान लावत होतो.

"भाऊ, ती पावडर घालू का रं? पोरं वासानं पानी पित नाय. पन शिपाई म्हनतो, पावसाळा हाय."

मी म्हणालो, "ताई, जिता झरा आहे तो. काही गरज नाही."

"तू म्हनतो तर राहू दे."

एवढेच बोलणे झाले.

जुलैत एका दुपारी आमच्या हरसूलकडच्या बातमीदाराचा फोन आला. तो नवा होता, माझे तिथले नाते त्याला माहीत नव्हते. पाड्याचे नाव त्याने शेवटी सांगितले. आधी म्हणाला, गॅस्ट्रोची साथ, एक महिला दगावली. मी कागद ओढला आणि नेहमीप्रमाणे विचारले, "वय?" तो म्हणाला, चौतीस. मी लिहिले. "नाव?" त्याने सांगितले. तेही मी लिहून घेतले.

तिला घोंगडीच्या झोळीतून रस्त्याकडे आणत होते. ओहोळाला पाणी होते म्हणून माणसे अलीकडे थांबली. पाणी उतरेपर्यंत ती शुद्धीवर होती. सोबतच्या जावेला तिने सांगितले की पोरांना विहिरीचे पाणी देऊ नका.

ऑगस्टमध्ये सरकारी खात्याचा एक भूवैज्ञानिक पाड्यावर आला. दाजींच्या घराच्या वर, उतारावर, पाड्याचे गोठे आणि उकिरडा होता. त्याने उकिरड्याशेजारी पहारीने माती उकरली. वीतभर खालीच पाषाण लागला आणि त्यात भेग होती. तो म्हणाला, "जाड मुरमातून पाणी हळूहळू उतरतं, तेव्हा बरंच गाळलं जातं. भेगेत गाळायला काही नसतं. वरचं जसंच्या तसं खाली येतं. धार जितकी जोराची, तितकी भीती जास्त."

दाजींनी विचारले, "मंग पाझर बरा व्हता?"

"इथे तरी बरा होता," तो म्हणाला.

त्याने हिरवा रंग बादलीत कालवून त्या भेगेत ओतला. विहिरीवर इंजिन लावून पाणी उपसले, धारेची जागा उघडी केली, आणि आम्ही काठावर बसलो. मग दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं तुला फोन केलता ना, पावडरीचा?"

"हो."

"तू काय म्हनला?"

मी सांगितले. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, स्वतः घेतली नाही, माझ्यापुढे धरली.

रंग सकाळी साडेआठला ओतला होता. साडेबाराच्या सुमारास धार हिरवी झाली.