भुलाबाईची खिरापत

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखनही चुकतं, माफी असावी.

कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही पोरी भुलाबाईची गाणी म्हणायचो. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत, म्हणजे वाटायचा खाऊ, शाळेतली माझी मैत्रीण नुसत्या आवाजावरून ओळखायची. त्या वर्षी ती तापाने पडली. नांदुऱ्याच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, पण ताप उतरेना. शाळेत तिची जागा रिकामीच असायची.

एका संध्याकाळी आम्ही तिच्या खाटेपाशीच गाणी म्हटली. मी मुद्दाम ओळखायला सोपे फुटाणे नेले होते. डबा तिच्या कानाशी खळखळ वाजवला.

"वाजव तं खरी!" ती म्हणाली.

मी आणखी जोरात वाजवला.

"रिकामाच आणला काय वं?"

थट्टा समजून पोरी हसल्या. तिच्या आईचा भाकरी थापणारा हात मात्र थांबला. मी घाईने डबा उघडून फुटाणे तिच्या हातावर ठेवले.

कोजागिरीच्या आतच ती गेली.