डाव्या कानावरचे केस

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा न्हाव्याचा जुनाच आजार. पण त्या सकाळी त्या जिभेने एका पोराच्या डोक्यावरचं छप्पर नेलं.

दुकानात खुर्च्या दोन. एकीवर वळणावरच्या घराचे मालक, गालाला फेस फासून डोळे मिटलेले. दुसरीवर त्यांचाच नवा भाडेकरू. "शिकायला आलोय," एवढंच सांगून त्याने खोली घेतलेली.

गिऱ्हाइकाला टोपणनाव दिल्याशिवाय न्हाव्याची कात्री चालत नसे. वकील म्हणजे 'तारीख', लंगडणारा पोस्टमन 'एक्स्प्रेस'. या पोराने मात्र आपलं नाव आपणच पुरवलं होतं. पहिल्या दिवशी न्हाव्याने "या मौलवीसाहेब!" म्हटल्यावर तो लाजून म्हणाला, "छे हो चाचा, मी नुसता तालिब. म्हणजे मागणारा. इल्म, विद्या मागत फिरणारा."

"मागणारे इथे रोज येतात बाबा, पण ते उधारी मागतात!"

तेव्हापासून तो 'तालिब'. त्या सकाळी उजवी बाजू उरकून न्हावी डावीकडे वळला आणि ओरडला, "तालिब, मान खाली! नाहीतर कान जाईल."

फेसातले डोळे खाडकन उघडले. "कोण तालिब?"

"अहो काका, तालिब म्हणजे धर्माचं शिकणारा विद्यार्थी. साधा, जुना शब्द आहे," न्हावी म्हणाला.

"मला नको शिकवूस. बातम्यांत बघतो मी, बंदुका घेऊन फिरतात ते."

"त्या बंदुकवाल्यांनी हाच शब्द लावून घेतला, त्यात या पोराचा काय दोष?"

"मग तू जाऊन सांगशील गल्लीत, घरोघरी?"

न्हाव्याने फक्त "हो, सांगतो" म्हणायचं होतं. पण मालकांच्या घरातली चार डोकी त्याची कायमची गिऱ्हाइकं. जन्मभर चुरूचुरू चाललेली जीभ नेमकी तेव्हाच टाळ्याला चिकटून बसली.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," मालक पोराला म्हणाले आणि न्हाव्याच्याच टॉवेलने फेस पुसत निघून गेले.

पोराने अंगावरचं कापड काढलं, झटकलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं.

"अरे, बस. डावी बाजू राहिलीय."

"सामान बांधायचंय, चाचा. परत आलो की करू."

तो आलाच नाही. हल्ली न्हावी सगळ्यांना 'साहेब' म्हणतो. "दुकान आहे की बँक?" म्हणून 'तारीख' कुरकुरतो.

परगावातल्या कुठल्या न्हाव्याने ते डोकं पुरं केलं असेल? अर्धं कोणी ठेवलं म्हणून विचारलं असेल का? आणि पोराने काय सांगितलं असेल? दुसरी खुर्ची पुसताना न्हाव्याचा हात इथे थांबतो. डाव्या कानावरचे केस तो अजून देणं लागतो.