वळणावरचं सोयाबीन

माझी गाडी चारशे सीसीची. तिच्यासारखी दुसरी वसमतमध्ये न्हाई, हे मी न विचारता सगळ्यांना सांगायचो. पाइप-मोटारींचं दुकान बंद केलं की कुरुंद्याच्या रस्त्यानं गावाकडं सुटायचं. ट्रॅक्टर, जीप, एसटी, सगळ्यांना मागं टाकायचं. वडील म्हणायचे, "एक दिवस तोंडावर पडशील." मी म्हणायचो, "बाबा, तुमाला बैलगाडीची सवय."

पडलोच. एकटा पडलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. मागं बायको होती.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. ती माहेराहून आली होती, तिला स्टँडवरून घेतलं आणि गप्पा मारत निघालो. आमच्या गावाच्या अलीकडं ओढ्याचा पूल आहे, त्याला लागून डावं वळण. वळलो तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगड मांडलेले. माझी नजर त्या दगडांवर गेली ती तिथंच राहिली. घाबरून पुढचा ब्रेक आवळला. दाण्यांवर चाक टिकतंय होय! गाडी एकीकडं आणि आम्ही दुसरीकडं.

उठलो तो शिव्या देतच. "कुणाच्या बापाचा रस्ता हाय रे हा?" एवढं ओरडलो आणि गप्प झालो. बाप माझाच होता. सोयाबीन आमचं होतं. सकाळी सातला मीच ते माझ्या हातानं पसरलं होतं, दगड बी मीच लावले होते. वळणावर दिवसभर ऊन असतं म्हणून जागा खास निवडलेली. आणि संध्याकाळी सपशेल विसरलो.

बायकोचं मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी घालावी लागली. दवाखान्यातून घरी येताना जीपमध्ये ती एवढंच बोलली, "रागावले न्हाई मी. पण तुमच्यामागं आता बसायची न्हाई."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच रागावली नव्हती. वसमतला जायचं म्हटलं की ती एसटीनं जायची आणि मी रिकाम्या सीटची गाडी घेऊन त्याच रस्त्यानं. स्टँडवर तिची वाट बघत उभा राहायचो तेव्हा लाज वाटायची. लई झोंबायचं ते.

जो तो म्हणे, गाडी विकून टाक. विकली असती, पण चालवणारा तोच राहिला असता ना! स्कूटीवर बसवलं असतं तरी मी तशीच हाणली असती. म्हणून ठरवलं, नीट शिकायचं. चेन्नईकडं शर्यतीच्या ट्रॅकवर साध्या माणसालाही आपली गाडी नेऊन दोन दिवस शिकता येतं, असं कळलं. वडिलांना सांगितलं तर ते हसले. "वीस वर्षं गाडी चालवून आता शाळेत जातूस?"

"व्हय, जातो."

नांदेडला गाडीतलं पेट्रोल काढून ती रेल्वेच्या पार्सलात घातली आणि मी मागोमाग गेलो. ट्रॅकवर आधी आरसे काढायला लावले, दिव्यांना टेप मारली. भाड्याचा चामड्याचा सूट चढवला, तो पोटावर बसेना. आजूबाजूला पंचविशीतली पोरं. मी मनात म्हटलं, बसू दे नाहीतर फाटू दे, आलोय तर शिकूनच जाणार.

शिकवणारा तमिळ होता, काटकुळा, जुना शर्यतीतला गडी. पहिल्या तासाला त्यानं ब्रेकला हातच लावू दिला न्हाई. ॲक्सिलेटर आधी सोडायचा, वेग वळणाच्या अलीकडंच कमी करायचा, आणि वळण संपतं तिथं बघायचं. मी बघायचो कडेच्या रंगवलेल्या पट्ट्याकडं, आणि बरोबर त्याच पट्ट्यावर जायचो. तो मला थांबवून म्हणाला, "भाई, किधर देखता? गाड़ी उधरीच जाएगा." मला माझे दगड आठवले. पहिला दिवस असाच गेला. मांड्या भरून आल्या, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच उभा होतो. त्या दिवशी मान वळली. मान वळली तशी गाडी बी वळली, आणि मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडलो, "हाऽऽ!"

दुपारी एक पोरगं घसरून कडेच्या खडीत गेलं. त्याला काही झालं न्हाई, पण थोडी खडी ट्रॅकवर आली. लगेच झेंडे हलले, आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. दोन माणसं खराटे घेऊन गेली आणि ट्रॅकचा तो सगळा भाग झाडून काढला. ओंजळभर खडीसाठी एवढं! मी त्या शिकवणाऱ्याला माझ्या पडण्याची हकीकत सांगितली. त्यानं विचारलं, "रोड पे दाना कौन डाला?"

"मैंने."

त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो हसला न्हाई. "इधर कोई डालेगा तो उसको गेट के बाहर," एवढंच म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

परतीच्या रेल्वेत तेच डोक्यात होतं. मान वळवायला शिकलो हे खरं, पण रस्त्यावर दाणे टाकणारा बी मीच होतो ना.

पुढच्या हंगामात वडिलांनी पोती काढली तसा मी आडवा गेलो. "रस्त्यावर टाकायचं न्हाई."

"सारं गाव टाकतंय. तुलाच काहून तकलीफ?"

"सूनबाईचं मनगट बघा, मग सांगा."

त्यांनी पोती परत ठेवली, पण पटलं न्हाई. मी शेतात मुरूम टाकला, धुमसानं चोपला, शेणानं सारवून जुन्या पद्धतीचं खळं केलं. आठ दिवस दुकानाला दुपारपर्यंत कुलूप. येणारे-जाणारे चिडवायचे, "रेसर साहेब, नवा ट्रॅक का?" मी म्हणायचो, "व्हय, येता का पळायला?" बायको बांधावरून बघायची. शेवटच्या दिवशी शेणाची पाटी घेऊन आली आणि चांगल्या हातानं सारवायला बसली.

सोयाबीन खळ्यावर वाळलं. ते भरून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसमतला निघालो होतो. ती हेल्मेट हातात घेऊन दारात आली. "चला, मला बी यायचंय." मी गाडी सरळ धरली. ती बसली, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरून.

पुलाच्या अलीकडं मी आधीच वेग कमी केला होता. तेवढ्यात दिसलं, रस्त्याच्या कडेला वडील उभे राहून लाल पंचा हलवून राहिले होते. "हळू रे, हळू!" कुणाच्या तरी ट्रॉलीतून वळणावर दाणे सांडले होते. पंचा खांद्यावर टाकून ते परत खराट्याकडं वळले आणि झाडायला लागले. त्यांना मी ट्रॅकवरच्या झेंड्याचं कधी सांगितलं नव्हतं, खराट्याचं बी न्हाई.

मी झाडलेल्या बाजूकडं बघत हळूच वळण काढलं. बायकोनं दांडी सोडून पट्टी घातलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"परत येताना थांबा," ती म्हणाली, "मामंजी एकटेच झाडून राहिलेत."