चौतीस पोरांची बजाबाई

बजाबाई ही आम्ही पळवून आणलेली बाई होती, हे मला ती घरात येऊन दोन महिने झाल्यावर कळलं. आणि कळल्यावर मी पहिल्यांदा ओरडले ती तिच्यावरच. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं नवऱ्याला नावं ठेवायला मी मोकळी.

साल त्र्याहत्तर. दुष्काळ अजून हटलेला नव्हता. मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका, पहिलंच बाळ तीन महिन्यांचं, आणि रजा संपत आलेली. आई नाही. सासूबाई माढ्याला, जनावरं छावणीत टाकून येणार कशा? बाई शोधायला लागले. पहिली आली ती बाळाच्या हिरड्यांना मिश्री चोळताना सापडली. वर मलाच म्हणते, "गप पडतंय की!" दुसरीनं विचारलं, पोरगं रडकं हाय का? मी खरं बोलले, तशी ती पदर सावरून चालती झाली.

आमचे त्रिंबकराव तेव्हा ओव्हरसियर होते. होटगीच्या पुढं पाझर तलावाचं दुष्काळी काम त्यांच्याकडं होतं. एका संध्याकाळी ते खात्याच्या जीपमधून बजाबाईला घेऊन आले. "कामावरचीच आहे. पोरं सांभाळण्यात हातखंडा," एवढंच म्हणाले, आणि मी देवापुढं साखर ठेवली.

बजाबाई पन्नाशीची, विधवा, वाळून कोळ झालेली. कपाळावर हिरवं गोंदण. पाय लांब करून बाळाला त्यावर पालथं घालायची, दोन थेंब तेलात अख्खं अंग चोळायची, आणि माझं भोकाड पसरणारं पोरगं तिच्या पायांवर पेंगायला लागायचं. एक खोड मात्र होती. समोर एकच बाळ, तरी दर थोड्या वेळानं मान वर करून खोलीच्या चारी कोपऱ्यांत बघायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "सवय, बाई. तितं चौतीस हुती. आया खडी फोडायच्या न् पोरं माज्याकडं. एक बी नजरंआड झालं की काळजात चर्र व्हायचं."

"मग आता कोण बघतं त्यांना?"

"सायबांनी दुसरी बाई लावलीया म्हनं."

ऐकून मीही निर्धास्त झाले. शनिवारी साहेब घरीच हजेरीचं मस्टर आणायचे, बजाबाई अंगठा उठवायची आणि तिची मजुरी घ्यायची. ती मजुरी येते कुठून, हे मी विचारलं नाही. माझ्या पगारातून जात नव्हती ना, मग कशाला विचारा! शहाणी शिक्षिका मी.

एप्रिलातल्या एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. कडेवर दोन वर्षांचं पोर, त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ती गोजरबाई, त्याच तलावावरची. दवाखान्यातून निघून पत्ता विचारत आली होती.

"ज्ञानूला इच्चू चावला, मावशी. दोन रोज दवाखान्यात हुतो. वाचलं कसंबसं."

बजाबाईनं विचारलं, "आन ती बाई कुटं हुती?"

"कंची बाई? कोन बी न्हाय तितं. तू गेल्यापास्नं चालत्या पोरांच्या कमरंला दोरी लावून बाभळीला बांधतो आमी. बारकी देवाच्या भरवशावर."

खांद्यावरचं माझं बाळ बजाबाईनं पाळण्यात ठेवलं आणि दोरीवरचं लुगडं ओढून घडी घालायला लागली. तेव्हा मी ओरडले, "अहो, असं कसं चाललात? उद्या माझी शाळा आहे! बाळाला कोण बघणार?"

"बाई, तुमचं एक हाय. त्याला तुमी हायसा, सायब हायत, शेजारच्या सुंदरम्मा हायत. तितं कोन हाय?"

रागानं बोलली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती नुसतं विचारत होती. दोघी होटगीची गाडी धरायला निघून गेल्या.

संध्याकाळी साहेब आले. मी तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनी चप्पल काढत शांतपणे विचारलं, "मस्टरवर काय लिहिलंय? मुले सांभाळणे. मग ती मूल सांभाळत नव्हती का?"

असा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. "चौतीस पोरांसाठी सरकारनं दिलेली बाई तुम्ही घरी आणून बसवलीत!"

"सगळेच आणतात. आमच्या वरच्या साहेबांकडं तर दोन माणसं बागेला आहेत. आणि न सांगता गेली ना? उद्यापासून तिचं नाव कमी."

म्हणजे चोरी ह्यांची आणि शिक्षा तिला. त्या मजुरीवर तिच्या घरची चूल पेटत होती. नाव कमी झालं की तिला खडी फोडायलाही कोणी घेणार नव्हतं, आणि पोरं पुन्हा बाभळीला. मी बोलत राहिले. सुंदरम्मांनी त्यांची खिडकी लावून घेतली. साहेब भाकरी खाऊन, ढेकर देऊन आडवे झाले.

सकाळी ते जीपनं गेले आणि मी शाळेत रजेची चिठ्ठी धाडली. बाळाला घेऊन होटगीपर्यंत गाडीनं, पुढं पाण्याच्या टँकरवाल्यानं शेजारी बसवून नेलं.

झाड म्हणजे एक खुरटी बाभूळ. सावली चाळणीतून गाळल्यासारखी. खाली चौतीस पोरं आणि मधे बजाबाई, ओलं फडकं एकेकाच्या डोक्यावरून फिरवत. नाव सकाळीच कमी झालं होतं, तरी ती बसली होती. बाया म्हणाल्या, आमच्यातला तुकडा तिला देऊ. मांडवासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच : बांबू शिल्लक नाहीत.

मी माझं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "हे पस्तिसावं."

"बाई, ऊन लई हाय. सोसायचं न्हाय त्याला."

"चौतीस जणांना सोसतंय ना!"

कोणीतरी सांगितलं असावं. साहेब बांधावरून धावतच आले. "वेड लागलंय का तुला? पोराला उन्हात घेऊन बसलीस!"

सगळ्या बायांचे घण थांबले होते. मी म्हटलं, "पोर सांभाळायला बाईकडं दिलंय. काढा मस्टर, लिहा तिचं नाव. नाहीतर तुमचं पोरगं कोणाच्या मांडीवर आहे, ते मुकादमाला समजावून सांगा."

बायांकडं न बघता त्यांनी नाव लिहिलं. मग मुकादमाला हाक मारली. तासाभरात चार गडी आले. बाभळीखालचे धोंडे उलथून टाकले, पाण्यानं भरलेला रांजण ठेवला, आणि दुपारच्या आत वर तट्टे घातलेला मांडव उभा राहिला.

बाया माझ्याकडं बघून हसल्या. एक म्हणाली, बाईंमुळं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच महिने चौतीस पोरं भाजत होती तेव्हा काही झालं नाही. ओव्हरसियरचं एक पोरगं घटकाभर उन्हात बसलं आणि झालं.

गोजरबाईनं ज्ञानूला मांडवाखाली ठेवलं. एका खांबाला हात लावून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बांबू हुते की मग."